मालक कीं कब्जेदार?

एखाद्या कचेरीनें आपलें जुनें सामान मोडीत काढलें म्हणजे लांकडी कपाट, लोखंडी तिजोरी, सायकल अशा वस्तु ज्याला हव्या असतील त्यानें पैसे मोजावे आणि घरीं न्याव्या, इतका तो व्यवहार सरळ असतो. कपाट करणारा सुतार मागाहून येऊन, "माझ्या परवानगीवांचून हें दुसऱ्याला कां विकलें?" असें विचारीत नाहीं. पण त्याच कचेरीनें त्याच दिवशीं पन्नास जुने संगणक विकले, तर मात्र प्रत्येक पेटीबरोबर एक तिसरा पक्ष त्या व्यवहारांत अदृश्यपणें हजर असतो. पेटी, पडदा, कळफलक हें सारें विकत घेणाऱ्याचें होतें. परंतु जिच्यावांचून ती पेटी म्हणजे निव्वळ पत्रा, ती आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतों तें, त्याच्या मालकीचें होतें कीं नाहीं, हा प्रश्न गेलीं कित्येक वर्षें न्यायालयांना आणि कायदेमंडळांना छळीत आला आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालक, कब्जेदार आणि कूळ हे शब्द किती जपून वापरावे लागतात, हें ज्यांची गांवीं थोडीफार जमीन आहे त्यांस सांगावयास नको. संगणकाच्या बाबतींतला झगडाही अशाच दोन शब्दांचा आहे, आणि त्या झगड्याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

त्याचा आरंभ संगणकापासून होत नाहीं. एका कादंबरीपासून होतो. १९०४ सालीं अमेरिकेंतील बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेनें हॅली अर्मिनी राइव्ह्ज या लेखिकेची 'द कास्टअवे' नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. आंतल्या पानावर, कॉपीराइटच्या ओळीखालीं, प्रकाशकांनीं एक सूचना छापली होती. पुस्तकाची किंमत एक डॉलर. याहून कमी किमतीस विकण्याचा परवाना कोणाही दुकानदारास नाहीं. तसें कोणी विकल्यास तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल, असा तिचा आशय होता. न्यू यॉर्क शहरांत मेसी नांवाचें अवाढव्य दुकान स्ट्राउस बंधु चालवीत असत. त्यांनीं तें पुस्तक खुशाल ८९ सेंटांस विकावयास काढलें. (या बंधूंपैकीं इसिडोर स्ट्राउस हे पुढें १९१२ सालीं टायटॅनिक जहाजाबरोबर बुडाले. त्यांस सोडून होडींत बसण्याचें त्यांच्या पत्नीनें नाकारलें, आणि लोकांच्या स्मरणांत ते त्या गोष्टीनें राहिले, या खटल्यानें नव्हे.)

प्रकाशकांनीं फिर्याद केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ जून १९०८ रोजीं तिचा निकाल लागला. न्यायमूर्ति डे यांनीं जें तत्त्व सांगितलें तें असें : कायद्यानें ग्रंथाच्या धन्याला त्याच्या प्रती विकण्याचा हक्क दिलेला आहे. एखादी प्रत योग्य मोबदला घेऊन त्यानें विकली, म्हणजे त्या प्रतीपुरता तो हक्क त्यानें बजावला आणि तो तेथेंच संपला. पुढें ती प्रत किती हातांतून जावी आणि कोणत्या भावानें जावी, हें सांगण्याचा अधिकार त्याच्यापाशीं उरत नाहीं. नुसती एक सूचना छापून तो उत्पन्नही करतां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९०९ सालीं, अमेरिकेच्या कायदेमंडळानें हें तत्त्व कायद्यांत घातलें. मुंबईच्या फोर्ट भागांत पदपथावर, किंवा पुण्यास अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, जुनीं पुस्तकें विकावयास मांडणाऱ्याला कोणत्याही प्रकाशकाची भीति वाटत नाहीं, ती याच जातीच्या तत्त्वामुळें.

परंतु याच निकालपत्रांत एक खिडकी उघडी राहिली. न्यायालयानें स्पष्ट नमूद केलें होतें कीं, प्रस्तुत खटल्यांत पुढील विक्रीवर बंधन घालणारा कोणताही करार किंवा परवाना-पत्र नाहीं. म्हणजे सूचनेनें जें साधलें नाहीं तें कराराच्या कागदानें साधेल काय, या प्रश्नाचें उत्तर न्यायालयानें दिलें नाहीं. तें देण्याचें त्याला कारणही नव्हतें. सत्तर-ऐंशीं वर्षांनीं सॉफ्टवेअरचे व्यापारी आंत शिरले ते याच खिडकींतून.

आरंभींच्या काळांत हा प्रश्नच नव्हता. आय.बी.एम. ही त्या काळची बलाढ्य कंपनी आपलीं यंत्रें विकतच नसे, भाड्यानें देई. १९५६ सालीं सरकारशीं झालेल्या तडजोडीनें तीं विकणेंही तिला भाग पडलें. आज्ञावली मात्र यंत्राबरोबर अशी येई, कीं जशी नव्या घड्याळाबरोबर किल्ली. तिची वेगळी किंमत नव्हती, म्हणून तिच्यावरून भांडणही नव्हतें. २३ जून १९६९ रोजीं आय.बी.एम.नें जाहीर केलें कीं, यापुढें आज्ञावली व इतर सेवा यांचे पैसे स्वतंत्र आकारले जातील. माझ्या मतें जुन्या संगणकाच्या विक्रींतला खरा तंटा त्या दिवशीं जन्मास आला. जी वस्तु एक होती तिच्या दोन वस्तु झाल्या, आणि दोन वस्तूंचे दोन धनी होऊं शकतात.

आतां व्यापाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पुस्तक विकलें कीं विकणाऱ्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं. आज्ञावलीचें तसें नाहीं. तिची नक्कल क्षणांत होते आणि ती अस्सलाइतकीच अस्सल असते. एकानें विकत घ्यावी, नक्कल घरीं ठेवावी आणि मूळ तबकडी बाजारांत विकावी, असें झालें तर एका विक्रीवर दहा घरें चालतील. ही भीति काल्पनिक नव्हती. १९७६ सालीं तरुण बिल गेट्स यांनीं हौशी मंडळींना उद्देशून जें जाहीर पत्र लिहिलें त्यांत हीच तक्रार आहे. शिवाय आज्ञावली चालवावयाची म्हणजे ती यंत्राच्या स्मृतींत उतरून घ्यावी लागते, आणि उतरून घेणें म्हणजेच नक्कल. पुस्तक वाचल्यानें त्याची दुसरी प्रत निर्माण होत नाहीं. आज्ञावली नुसती वापरली तरी होते. तेव्हां जुना कायदा जसाच्या तसा चालणार नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

अमेरिकेच्या कायदेमंडळानें या गुंत्याचा विचार करण्यासाठीं एक राष्ट्रीय आयोग नेमला होता. १९७८ सालीं त्या आयोगानें आपला अहवाल दिला. त्यांत अशी शिफारस होती कीं, आज्ञावलीच्या प्रतीचा जो न्याय्य कब्जेदार असेल त्याला ती चालविण्यापुरती नक्कल करण्याची आणि एक प्रत जपून ठेवण्याची मोकळीक असावी. १९८० सालीं कायदा झाला. शिफारस जवळजवळ अक्षरशः उतरून घेण्यांत आली. फक्त 'न्याय्य कब्जेदार' हे शब्द काढून तेथें 'मालक' हा शब्द घालण्यांत आला. हा बदल कां केला, याचें स्पष्टीकरण कायदेमंडळाच्या कागदपत्रांत नाहीं. एक शब्द गेला, एक आला. आणि पुढील चाळीस वर्षें त्या एका शब्दावर वकिलांचीं घरें चाललीं. कारण आतां व्यापाऱ्याला एवढेंच म्हणावयाचें होतें : "आम्ही आज्ञावली विकतच नाहीं. आम्ही ती वापरण्याचा परवाना देतों." म्हणजे पैसे देऊन घरीं नेणारा मालक नव्हे. तो कब्जेदार; आणि कब्जेदाराला तर कायद्यानें कांहींच दिलें नव्हतें.

१९८१ सालीं आय.बी.एम.चा घरगुती संगणक निघाला आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्ट कंपनीची आज्ञावली यंत्रें बनविणाऱ्या कारखान्यांतूनच यंत्रांत भरून येऊं लागली. त्या परवान्यांत अट अशी कीं, ही आज्ञावली ज्या यंत्राबरोबर आली त्याच यंत्राशीं बांधलेली आहे. यंत्र विकलें तर तिनें त्याच्याबरोबर जावें, एकटीनें कोठेंही जाऊं नये. पुढें यंत्राच्या पेटीवरच एक रंग पालटणारी चिठ्ठी चिकटवूं लागले, तिच्यावर पंचवीस अक्षर-अंकांची खूण. ती चिठ्ठी फाटली कीं यंत्राचें कुंकूच पुसलें असें जुन्या बाजारांतले लोक मानीत. २००१ सालीं विंडोज एक्सपी निघाली तेव्हांपासून तर यंत्र स्वतःच कंपनीला आपली ओळख पटवून देऊं लागलें.

'मालक' या शब्दानें काय होऊं शकतें, हें १९९३ सालीं दिसलें. एम.ए.आय. या कंपनीचीं यंत्रें दुसरी एक संस्था दुरुस्त करीत असे. दुरुस्तीसाठीं यंत्र सुरू करावें लागतें. सुरू केलें कीं आज्ञावली स्मृतींत उतरते. उतरली कीं नक्कल झाली. आणि गिऱ्हाईक हा मालक नसून परवानाधारक असल्यामुळें कायद्याची मोकळीक त्याला लागू नाहीं. सबब दुरुस्ती करणाऱ्यानें कॉपीराइटचा भंग केला, असें अपील न्यायालयानें ठरविलें. पंख्याचें बटन दाबल्याबद्दल वायरमनला दोषी धरावें, अशांतला हा प्रकार. १९९८ सालीं कायदेमंडळानें दुरुस्ती करणाऱ्यांपुरती ही अडचण दूर केली. विकणाऱ्यांची तशीच राहिली.

ती किती मोठी होती तें सिअ‍ॅटल शहरांतील व्हर्नर नांवाच्या विक्रेत्याच्या खटल्यांत उघड झालें. वास्तुशिल्पज्ञांच्या एका कचेरीनें ऑटोडेस्क कंपनीची नकाशे काढण्याची आज्ञावली घेतली होती. पुढें नवी आवृत्ति सवलतींत घेतांना जुन्या तबकड्या नष्ट करण्याची अट तिनें मान्य केली, आणि त्या नष्ट न करतां व्हर्नरला विकल्या. त्यानें त्या इंटरनेटवरील लिलांवांत विकावयास काढल्या. खालच्या न्यायालयानें १९०८ च्या तत्त्वाचा आधार घेऊन त्याची बाजू उचलून धरली. पण १० सप्टेंबर १९१० च्या नव्हे, तर २०१० च्या निकालानें अपील न्यायालयानें ती उलटविली. कंपनीनें आपल्या कागदांत यास परवाना म्हटलें आहे काय, हस्तांतरावर मोठें बंधन घातलें आहे काय, आणि वापरावर लक्षणीय निर्बंध आहेत काय, या तीन कसोट्या त्या न्यायालयानें लावल्या. तिन्हींचें उत्तर कंपनीच्याच कागदांत सांपडतें, हें लक्षांत घ्या. शंभर वर्षांपूर्वीं जें छापील सूचनेला जमलें नव्हतें तें छापील कराराला जमलें.

युरोपानें मात्र दुसरी वाट धरली. जर्मनींत एका विक्रेत्यानें नव्या यंत्राबरोबरच विकावयाची मायक्रोसॉफ्टची आज्ञावली यंत्रावांचून विकली. ६ जुलै २००० रोजीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें सांगितलें कीं, प्रत एकदां धन्याच्या संमतीनें बाजारांत आली म्हणजे तिचा पुढील प्रवास मोकळा. कंपनीचा कारखानदाराशीं कांहींही करार असो, तो तिऱ्हाइतास बांधीत नाहीं. पुढें ३ जुलै २०१२ रोजीं युरोपीय न्यायालयानें 'यूजडसॉफ्ट' विरुद्ध ओरॅकल या खटल्यांत याहून मोठें पाऊल टाकलें. किंमत घेऊन कायमचा वापर दिला असेल तर कागदावर त्याला परवाना म्हणा कीं आणखी कांहीं म्हणा, ती विक्रीच होय. आणि आज्ञावली तबकडीवर आली कीं तारेंतून आली, यानें फरक पडत नाहीं. मात्र विकणाऱ्यानें आपली प्रत निकामी केली पाहिजे, आणि पंचवीस जणांचा परवाना तोडून दहा जणांचा म्हणून विकतां येणार नाहीं. व्यापाऱ्याची रास्त भीति आणि विकत घेणाऱ्याचा रास्त हक्क या दोहोंस इतक्या स्वच्छपणें जागा दिलेला दुसरा निकाल माझ्या पाहण्यांत नाहीं. तथापि २०१६ सालीं त्याच न्यायालयानें हेंही सांगितलें कीं, मूळ तबकडी खराब झाली म्हणून तिच्याऐवजीं जपून ठेवलेली नक्कल धन्याच्या संमतीवांचून विकतां येणार नाहीं.

आतां एका माणसाची हकीकत. कॅलिफोर्नियांतील एरिक लुंडग्रेन हा टाकाऊ विद्युत्-यंत्रांतून उपयोगी यंत्रें पुन्हां उभीं करण्याचा धंदा करीत असे. जुनें यंत्र विकणारा बहुधा त्यांतील माहिती पुसून टाकतो, आणि त्याबरोबर आज्ञावलीही पुसली जाते. पेटीवर परवान्याची चिठ्ठी असते, पण आज्ञावली परत भरण्याची तबकडी हरवलेली असते. लुंडग्रेननें अशा सुमारें २८,००० तबकड्या चीनमध्यें करवून घेतल्या. तबकडीबरोबर परवाना मिळत नसे. ज्या यंत्राला परवाना आहे त्याच्याच उपयोगाची ती. आणि तींतला मजकूर परवाना असलेल्या मनुष्याला फुकट मिळूं शकत होता, असें त्याचें म्हणणें. सरकारचें म्हणणें असें कीं, तबकड्यांवर डेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांचीं नांवें हुबेहूब छापून त्या अस्सल म्हणून खपविण्याचा तो कट होता. त्यानें गुन्हा कबूल केला. वाद उरला तो किमतीचा, कारण शिक्षा नुकसानीच्या आंकड्यावर ठरावयाची होती. बचावाच्या तज्ज्ञानें सांगितलें, परवान्यावांचून या तबकडीची किंमत शून्य. सरकारनें दाखविलें कीं, जुनीं यंत्रें दुरुस्त करून विकणाऱ्या नोंदलेल्या व्यापाऱ्यांस मायक्रोसॉफ्ट परवान्यासकट आज्ञावली सुमारें २५ डॉलरांस देते. न्यायालयानें २५ धरले. २८,००० नीं गुणलें. सात लक्ष डॉलर झाले. १५ महिन्यांची कैद आणि ५०,००० डॉलर दंड. एप्रिल २०१८ मध्यें अपिलांत ती शिक्षा कायम झाली. कंपन्यांचीं नांवें छापली हें त्याचें कृत्य समर्थनीय नव्हतें, याविषयीं मला शंका नाहीं. परंतु परवान्याची किंमत परवाना नसलेल्या तबकडीस लावणें हा हिशेब माझ्या गळीं उतरत नाहीं. ज्या कंपन्या सतत सांगत आल्या कीं तबकडी म्हणजे कांहींच नव्हे, परवाना हीच खरी वस्तु, त्यांच्या बाबतींत तबकडीलाच वस्तूचें मोल आलें.

आपल्या देशांत काय झालें? १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यांत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश १९८४ सालीं झाला. १९९४ च्या दुरुस्तीनें, जी १० मे १९९५ पासून अमलांत आली, दोन गोष्टी एकदमच घडल्या. कलम १४ अन्वयें आज्ञावलीची प्रत विकण्याचा हक्क धन्याला देतांना, ती प्रत पूर्वीं विकली गेली असो वा नसो, असे शब्द घालण्यांत आले. म्हणजे जुन्या प्रतीच्या दुसऱ्या, तिसऱ्या विक्रीवरही धन्याचा हात राहिला. मेसीच्या दुकानाला १९०८ सालीं जें मिळालें तें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराला १९९५ सालीं कागदोपत्रीं नाकारलें गेलें. आणि त्याच वेळीं कलम ५२ मध्यें आज्ञावली चालविण्यापुरती व जपून ठेवण्यापुरती नक्कल करण्याची मोकळीक दिली, ती कोणाला? मालकाला नव्हे, प्रतीच्या कायदेशीर कब्जेदाराला. अमेरिकेच्या आयोगानें सुचविलेला आणि तेथील कायदेमंडळानें खोडलेला शब्द असा आपल्या कायद्यांत येऊन बसला.

यांपैकीं पहिली गोष्ट फार दिवस टिकली नाहीं. १९९९ च्या दुरुस्तीनें 'पूर्वीं विकली गेली असो वा नसो' हे शब्द वगळण्यांत आले. ती १५ जानेवारी २००० पासून लागू झाली. २००४ सालीं, मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी कंपनीच्या विक्रीकराच्या खटल्यांत, बाजारांत तयार मिळणारी आज्ञावली हा 'माल'च आहे असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. आणि २ मार्च २०२१ रोजीं, प्राप्तिकराच्या अपिलांचा एक मोठा गठ्ठा निकालांत काढतांना, त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, परदेशी कंपनीकडून आज्ञावलीच्या प्रती घेऊन त्या विकणाऱ्याला कॉपीराइटमधला कोणताही हक्क मिळत नाहीं. त्याला मिळतो तो माल. वगळलेल्या त्या शब्दांची दखलही या निकालांत घेतलेली आहे. हे दोन्ही खटले कराचे होते, जुन्या यंत्रांचे नव्हते, हें विसरतां कामा नये. तरीपण पारडें कोणीकडे झुकतें तें त्यांवरून कळतें.

घरासाठीं किंवा शाळेसाठीं जुना संगणक घेणाऱ्यानें यांतून काय पाहावें? कारखान्यांतून यंत्राबरोबर आलेला परवाना यंत्राबरोबरच जातो. जुन्या पेटीवर त्याची चिठ्ठी पाहावी. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत ती खूण पेटीवर नसून यंत्राच्या आंत कोरलेली असते, त्यामुळें तबकड्यांचा प्रश्न तेथें उरत नाहीं. दुकानांतून पेटीबंद स्वतंत्र घेतलेला परवाना एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेतां येतो. परंतु बँका व मोठ्या कचेऱ्या जो घाऊक परवाना घेतात तो कचेरीचाच राहतो. यंत्र विकलें तरी तो यंत्राबरोबर येत नाहीं, आणि बाजारांत फसगत होते ती येथेंच. यंत्र सुरू होतें, सारें कांहीं चालतें, आणि कागद मागितला कीं दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

इतकें सारें जपून मिळविलेला परवानाही आतां निराळ्या रीतीनें दुबळा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची नेहमींची निगा थांबविली. तिच्या पुढील आवृत्तीला, विंडोज ११ ला, यंत्रांत सुरक्षेची एक विशिष्ट सोय लागते, आणि असंख्य धडधाकट जुन्या यंत्रांत ती नाहीं. परवाना खरा, यंत्र खरें, पण दोघांची गांठ सुटलेली. अशा यंत्रांत पुष्कळ दुकानदार व सेवाभावी संस्था लिनक्स ही मुक्त आज्ञावली घालूं लागल्या आहेत. अमेरिकेंत पोर्टलंड येथील 'फ्री गीक' ही संस्था २००० सालापासून जुनीं यंत्रें दुरुस्त करून लोकांना देण्याचें काम करीत आली आहे, आणि लिनक्सचा आधार तिनेंही घेतला. लिनक्सलाही परवाना आहेच. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या परवान्याची दुसरी आवृत्ति, जी १९९१ सालीं निघाली, ती तिला लागू आहे. तींत नक्कल करण्यास, देण्यास, पैसे घेऊन विकण्यासही मोकळीक आहे. अट आहे ती एवढी कीं, घेणाऱ्याला मिळालेली मोकळीक त्यानें पुढच्याला देतांना काढून घेऊं नये, परवान्याची एक प्रत बरोबर द्यावी, आणि आज्ञावलीचा मूळ मजकूरही त्याला मिळेल अशी व्यवस्था ठेवावी.